पडदाभर ‘आलो’

माझ्या पोरीनं पंजा मारला आणि सगळी स्क्रीनच बदलली. आमच्या ग्रुपची दाखवायची पाळी आली तरी मी टचवाल्या लॅपटॉपवर शेवटचा हात फिरवत होते, हिरव्या बटणाचा कोपरा धरून जरासंच मोठं करत होते. तेवढ्यात ती मांडीवरनं झेपावली आणि ते हिरवं बटण असं ताणलं की अख्ख्या पडद्यावर पसरलं. खालचे आमचे माहिती भरायचे सगळे रकाने गडप. नुसता एक शब्द, ‘आलो’. आणि फाईल आमची सगळ्यांची एकच, इथं हललं की तिथं पण हलतं. म्हणजे समोर स्क्रीन वापरून बघायला आलेल्या ड्रायव्हरदादांच्या हातातल्या टॅबवर पण तेच!

दापोड्याच्या एका गोदामाचं खरं काम होतं ते. आमच्या डिझाईनच्या क्लासला कंपन्या खरीच कामं देतात, चौघींचा एक ग्रुप करून. गेटवर ट्रक आला की ड्रायव्हरनं गाडी नंबर, माल, माल कुणाचा ती पार्टी, सगळं भरायचं, ती स्क्रीन बनवायची होती. बघायला कंपनीच्या मॅडम आलेल्या, गेटवरच्या एका ड्रायव्हरदादांना सोबत घेऊन. ज्यांची स्क्रीन पसंत पडंल त्यांना पुढचं काम. आणि मला सासूबाईंनी सकाळीच सुनावलेलं, “तुझी पोर घेऊन जा. आज जमलं तं पुढं शिक, न्हाय तं उद्यापासनं क्लास बंद.”

“ताई, अनडू करा ना, अनडू!” ग्रुपमधली कॉलेजवाली कानात किंचाळली. ते दाबलं की सगळं पहिल्यासारखं. ठाऊक होतं मला. बोट नेलं पण तिथं. नववीतनं शाळा सुटलेली मी, मला कोण विचारतंय…

तोवर ड्रायव्हरदादांनी अंगठा टेकवला पण. “बस? हो गया?” असे हसले ना! आधीच्या ग्रुपच्या स्क्रीनवर डोळे बारीक करकरून घामाघूम झालेले ते.

मी बोट मागं घेतलं.

“बाकीची माहिती कुठंय?” मॅडमनी विचारलं.

“मागनं विचारू ना,” मी बोलले, श्वासच न घेता. “गेटवर मागच्या गाड्या हॉर्न मारून जीव खातात मॅडम, आमचं घर गोदामांच्या त्या कशेळीच्या रोडलाच हाय, रोज बघते मी. आधी आलो म्हणू द्या त्यांना. गाडी लाईनीत लागली की मग विचारा निवांत.”

मॅडमनी दादांकडं बघितलं. दादांनी मान डोलावली, “एकदम सही बात.”

“मग हेच पाहिजे,” मॅडम बोलल्या. “कल्पना कुणाची?”

मी पोरीला वर उचललं. “हिची!”

सगळी खोली हसली. “ताई, हिला पण ग्रुपात घ्या,” कॉलेजवाली बोलली.

काम आमच्या ग्रुपला मिळालं. घरी सांगितलं तं सासूबाईंनी पोर माझ्या हातातनं ओढूनच घेतली, “माझी नात हाय ती!” आता दापोड्याच्या त्या गेटवर आमचंच हिरवं बटण हाय, पडदाभर. मी जाऊन बघून आले.

पण एक हाय. बोट अनडूवरच होतं ओ माझं. खरं सांगा, तुम्ही दाबलं असतं का न्हाय?