आईने आधीच गिरवलेली चांदणी

बी.ए.ला सायकॉलॉजी घेतल्यापासून पेणमध्ये मला एकच प्रश्न विचारला जायचा, "मग सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?" माझं डोकं तसं लवकर तापतं. रामवाडीच्या एका रिक्षावाल्याला मी "तुमच्या मनात मला उशीर करायचं चाललंय" असं सुनावलंही होतं.

पण रोह्याच्या एका कारखान्यात, कामगार विभागातल्या जागेसाठी मुलाखतीला बसले आणि तिथल्या साहेबांनी हसत हसत तेच विचारलं, तेव्हा मी मुकाट्याने हसले. पदवी घेऊन वर्षभर घरी बसले होते. ही नोकरी मला हवीच होती. आई गणपतींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. तिच्या शेजारी माझ्यासाठी जागा होती, पण माझ्या हातून एकही मूर्ती सरळ बघणारी झाली नसती.

"त्या डिग्रीत कामाचं असं काय शिकलीस?" साहेबांनी विचारलं. संवादकौशल्य, टीमवर्क, सगळं पाठ करून आले होते. ते सगळं बाजूला ठेवलं. मग पिशवीतून प्रॅक्टिकलचं जर्नल काढून दिलं. त्यांनी नेमका तोच प्रयोग उघडला ज्याला सगळ्यात कमी मार्क होते.

प्रयोग साधा आहे. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी, समोर आरसा, हात झाकलेला. आरशात बघत दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. सुरुवातीला सगळ्यांचीच भंबेरी उडते, मग चुका कमी होत जातात आणि आलेख खाली उतरतो. माझा आलेख पहिल्यापासून सपाट. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो सब्जेक्ट म्हणून मी आईला बसवलं होतं आणि तिची एकही रेघ चुकली नाही. शेवटी नियमाप्रमाणे तिचा अनुभव विचारला, तर म्हणाली, "काल तू कॉलेजला गेल्यावर चारदा काढून बघितली गो. माझं चुकलं तर तुझे मार्क जातील, नाय का?"

मी तिच्यावर भयंकर चिडले. दुसऱ्या दिवशी जर्नल द्यायचं होतं. मैत्रीण म्हणाली, पुस्तकातला आलेख उतरवून दे, कोण बघतंय. मी पेन्सिल घेऊन बसलेही. पण आईने खरं सांगितलं होतं, ते माझ्याने खोडवेना. तिचा शब्दन् शब्द लिहून ठेवला.

मुलाखतीत साहेबांनी जर्नलमधलं तेच वाचलं. "महिनाभर ये," म्हणाले. "जमलं तर ठेवू."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यापुढे फॉर्मचा गठ्ठा तपासायला ठेवला. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं, हे कंत्राटी कामगारांना नुकतंच शिकवलं होतं आणि प्रत्येक फॉर्मवर 'समजले' असं लिहून खाली सही होती. सुपरवायझर खुशीत होते. मी साफसफाईच्या एका मावशींना गाठलं. "समजलं का?" असं विचारलं नाही, तसं विचारलं की समोरचा हो म्हणतो, एवढं तीन वर्षांत कळलं होतं. म्हटलं, "मावशी, आता भोंगा वाजला असं धरा. मला बाहेर घेऊन चला."

मावशी तरातरा निघाल्या आणि मला थेट सामानाच्या खोलीत घेऊन गेल्या.

"माझा डबा नि मोबाइल हितंच असतो," त्या म्हणाल्या. "आधी त्यो घेनार."

"मग सही कशी केलीत?"

"सगळे व्हय बोलले, म्हनून मीपन बोलले. शिकवनारा एवढ्या लांबून आलेला. त्याला वाईट नको वाटाया."

आणखी बऱ्याच जणांबरोबर चालून बघितलं. निम्मे चुकले. मी ज्याचं त्याच्या शब्दांत लिहून काढलं. सुपरवायझरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "अगो, नवीन हायस. महिना तरी नीट काढ." मला खरंच भीती वाटली. तरी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि तिथेच उभी राहिले.

त्यांनी तो दोनदा वाचला. मग फॉर्मचा गठ्ठा ओढला आणि त्यावर आडवी रेघ मारली.

"उद्यापासून एकेकाबरोबर तू स्वतः चालायचं. तिन्ही शिफ्टमधल्या."

"साहेब, एवढे सगळे महिन्यात नाही व्हायचे."

"मी कुठे म्हटलं महिन्यात?"

त्या संध्याकाळी रोहा स्टेशनवर मी गाडीचा तीन महिन्यांचा पास काढला.