विहिरीवरची तिसरी फळी

कुठल्याही बाकावर बसण्याआधी लडकू तो बोटाच्या पेराने ठोकून बघायचा. खिळे ओठांत धरायचा आणि तसाच बोलायचा. पेन्सिल डाव्या कानावर, विडी उजव्या. कुणाकडे गेला की आधी दाराची चौकट वाजवायचा, मग हाक मारायचा. चहा संपला की बशीच्या काठावर नखाने ताल धरायचा. आणि गेल्या दिवाळीपासून नुसता उभा राहिला तरी त्याची टाच हलायची.

टाचेचं हे खूळ सहदेवमुळे लागलं. सहदेव मुंबईला साहित्य शिकून, बी.ए. होऊन कळंबला परत आला होता. कर्जतच्या बाजारात तंबू ठोकून बोलपट दाखवतात हे कळल्यावर तोच आपल्या या सुतार मित्राला घेऊन गेला. बोलपट इंग्रजी होता. लोक आधी शिट्या मारत होते. मग काळे बूट घातलेला एक किडकिडीत माणूस पडद्यावर आला. हात सैल सोडून तो नुसता पायांनी नाचू लागला. बुटांचा कडकडाट सुरू झाला आणि तंबूत कुणी खोकेना.

परतताना लडकू गाडीच्या दांडीवर पेराने ताल धरून बसला होता.

"ढोल नाय, ताशा नाय," तो शेवटी म्हणाला. "मानूसच वाजतोय रं."

एवढं नेमकं सहदेवला त्याच्या प्राध्यापकांनीही कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला लडकूने जुने बूट मिळवले. नालबंदाकडून बैलांच्या नाला आणल्या. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याची नाल लहान आणि चपटी. ती बुटाच्या टाचेला आणि चवड्याला बेतल्यासारखी बसली.

"बैलं अनवानी नी नवऱ्याच्या पायात चार नाला," त्याची बायको जिजा म्हणाली. "उद्या दावनीला बांधू काय तुमाला?"

सगळी गंमतच चालली होती. अडचण एकच. गावातल्या सगळ्या जमिनी शेणाने सारवलेल्या. त्यांवर नाला उमटत, वाजत नसत. लडकूने उंबरा करून पाहिला, तो अरुंद. गाडीच्या तळाची साटी करून पाहिली, बैल बुजले. भाताच्या कोठाराचं झाकण केलं, तर जिजा मुसळ घेऊन आली.

मग त्याला विहीर आठवली.

पुण्याच्या एका मालकाची वाडी गावाबाहेर होती. धोंडूबाई ती राखायची. वासरू पडलं म्हणून तिथल्या विहिरीवर लडकूच्या बापाने कधीकाळी सात सागवानी फळ्या टाकल्या होत्या आणि त्यांवरून एक आडवी पट्टी ठोकली होती. पोहऱ्यापुरती जागा कडेला मोकळी. खाली सहा पुरुष पोकळी. तिथे लडकूने पहिल्यांदा टाच आपटली आणि आवाज विहिरीत उतरून, पाण्याला लागून वर आला. सहदेवच्या अंगावर काटा आला.

तिसरी फळी सगळ्यांत चांगली वाजायची. ती मधोमध चिरलेली होती. लडकू नाचला की तिच्यातून भुसा गळायचा. सहदेव काठावर बसून तो पाण्यावर पसरताना बघायचा.

"लडकू, ही फळी कुजलीय."

"सुकलीय. म्हनून तर बोलते. नि पट्टी हाय की वरून. पडत नाय ती."

त्या फळ्या बदलायचं काम धोंडूबाईने लडकूलाच दिलं होतं. ऐनाच्या लाकडाच्या सात नव्या फळ्या जांभळीला टेकून उभ्या होत्या. माघ गेला, त्या उभ्याच. लडकू जाता-येता त्यांना पेराने ठोकायचा आणि मान हलवायचा.

"वली हायेत. मुकी."

"लडक्या, माझी नात पानी वढते तिथं," होळीनंतर धोंडूबाईने त्याला रस्त्यात गाठलं. "पोरीला काय झालं तं तुला इचारीन."

दुसऱ्याच दिवशी तो कामाला लागला.

सहदेव दुपारी पोचला. चार नव्या फळ्या बसल्या होत्या. पहिल्या तीन जुन्या उरल्या होत्या. लडकू लाकूड कापायच्या घोडीवर पाचवी नवी फळी कापत होता. बूट झाडाखाली होते.

"बेस आलास," तो म्हणाला. "आता ही तिसरी निघनार. मंग संपला नाच."

त्याने सहदेवकडे पाहिलं. गेले दोन महिने सहदेव 'नको' म्हणत आला होता. त्या दिवशी काम होतच आलं होतं. आणि त्यालाही तो आवाज पुन्हा मिळणार नव्हता.

"वाजव," सहदेव म्हणाला. "एकदाच."

लडकूने करवत तशीच सोडली. बूट चढवले. तिसऱ्या फळीवर उभा राहून त्याने आधी एक टाच टेकली, मग दुसरी. हात सैल सोडले. त्या दिवशी तो त्या तंबूतल्या माणसापेक्षा चांगला नाचला. सहदेव हे शपथेवर सांगेल.

आडवी पट्टी बांधाला टेकवून ठेवलेली सहदेवला दिसली, तोवर उशीर झाला होता. काम सुरू करताना लडकूने सकाळी पहिली तीच उपसली होती. कुठलाही सुतार तेच करतो. चिरलेल्या फळीला शेजारणींशी बांधून ठेवणारी तीच होती. हे त्याच्याएवढं गावात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि नेमका तोच विसरला.

फळी मोडल्याचा आवाज फारसा झालाच नाही. चैत्र लागत होता. विहिरीत पाणी गुडघाभर, खाली कातळ.

त्याला वर काढायला वाडीवरचे पाच जण लागले. जिजाने तिरडीवरही त्याचे बूट कुणाला काढू दिले नाहीत.

धोंडूबाईने विहिरीभोवती काट्यांचं कुंपण घातलं. घोडीवरची पाचवी फळी अजून तिथेच आहे. गेरूत भिजवलेलं सूत मारून काढलेली लाल रेघ तिच्यावर सरळ उठली आहे. निम्मी रेघ कापलेली, निम्मी तशीच, आणि मध्ये करवत.