आत्तेभावाच्या दोन नोकऱ्या

देवानं माणसाला दोन हात दिले ही माझ्या आत्तेभावाच्या बाबतीत देवाची घोडचूकच झाली, कारण कुठल्या हातानं काय करायचं हे ठरवण्यातच या गृहस्थाचा निम्मा जन्म गेला. तो चपलेच्या दुकानात शिरला की दुकानदार आधी जेवून घ्यायचा. हा एका पायात एक आणि दुसऱ्या पायात भलतीच चप्पल घालून सोलापूरची नवी पेठ पालथी घालायचा, भेटेल त्याला "कुठली बरी दिसती?" म्हणून विचारायचा आणि शेवटी जुनीच फटफटवत घरी यायचा. हॉटेलात चहा की कॉफी हे ठरेपर्यंत आमचा चहा पिऊन व्हायचा, मग तो म्हणायचा, "चला, आता तहान मेली."

अशा माणसाला बी.एस्सी. झाल्यावर एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या चालून याव्यात हा निव्वळ छळ होता. त्याचा नव्हे, आमचा. ही सत्तरीच्या दशकातली गोष्ट. कॉम्प्युटर नावाची चीज आमच्या ओळखीच्या कुणीही पाहिली नव्हती. ते खोलीभर पसरलेलं यंत्र असतं, त्याला भोकं पाडलेली कार्डं खाऊ घालायची आणि साहेबापेक्षाही थंड हवेत ठेवायचं, एवढंच आमचं ज्ञान. पुण्याच्या एका कारखान्यानं आणि मुंबईच्या एका कंपनीनं असं धूड आणलं होतं आणि ते चालवायला दोघांनाही शिकाऊ पोरं हवी होती. पुण्याची परीक्षा मीही दिली होती. तिथं त्याची निवड झाली आणि मी वेटिंगवर पहिला राहिलो. म्हणजे यानं पुण्याला नाही म्हटलं तरच मला नोकरी. माझ्या वडलांची गिरणी बंद पडली होती, घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं, आणि आमची चूल पेटायची की नाही हे ठरवणार कोण, तर ज्याला चप्पल ठरवता येत नव्हती तो!

"नोकरी आधी वापरून बघावी," असं त्यानं जाहीर केलं. पहिला आठवडा मुंबईचा. तिथं राहायला जागा नसते असं त्यानं ऐकलं होतं, म्हणून ऐसपैस घर सोडून तो शिलाई मशीनखाली पाय दुमडून झोपू लागला. आत्या केर काढताना त्याला ट्रंकेसारखी सरकवायची. जेवण उभ्यानं, तेही घड्याळाकडं बघत. दुसरा आठवडा पुण्याचा. पुण्यात सगळे सायकलवर असतात, म्हणून सायकल शिकणं आलं. ती शिकवायची कुणी? मी! ज्या नोकरीकडं मी डोळे लावून बसलो होतो, तिच्यावर याला नीट जाता यावं म्हणून पार्क मैदानावर याचं सीट धरून मी धापा टाकत पळत होतो. असला भिकार योग माझ्या वैऱ्याच्याही कुंडलीत नसेल.

मग सल्ले सुरू झाले. चहावाल्या चाचांनी निकाल दिला, "बंबई नक्को रे बावा, पुनाच अच्छा." शेजारच्या हातमागवाल्या अण्णांचंही मत पुण्याचंच. डॉक्टरांनी तर छातीला नळी लावूनच सांगितलं, "तुझा दमा समुद्राच्या दमट हवेत उसळेल. पुण्याला जा." आत्या मात्र कावली होती. "आरं, कुटं बी जा, पन जा की येकदाचा! गावाला इचारून झालं, आता म्हशीला इचारतोस का काय?"

म्हशीऐवजी त्यानं देवीला विचारायचं ठरवलं. करमाळ्याजवळच्या एका खेड्यात आमची कुलदेवी आहे. तिला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओलं फूल चिकटवायचं आणि आधी कुठलं गळतं ते बघायचं. उजवं पुण्याचं, डावं मुंबईचं असं ठरवून हा आत्याला घेऊन एस्टीनं गेला. परत आला तेव्हा मी दारातच उभा होतो. "डावं पडलं," तो चप्पल काढत म्हणाला, "मुंबई." दमेकऱ्याला समुद्राकाठी धाडणाऱ्या देवीला वैद्यकीतलं काही कळत नसावं, असं मला वाटलं, पण मी कशाला बोलतोय! मनातल्या मनात तिला खणनारळ कबूल करून टाकला.

तो मुंबईला गेला, मी पुण्याला लागलो. आमच्या घराला पुन्हा रंगरूप आलं. तो दिवाळीला सोलापूरला यायचा तो खोकतच, आणि मी मोठ्या ऐटीत म्हणायचो, "देवीचा कौल बाबा, आपण काय करणार!" तो हसायचा.

पुढं आत्या थकली तेव्हा थोडे दिवस माझ्याकडं पुण्यात येऊन राहिली होती. एका दुपारी शेंगा निवडता निवडता सहज बोलून गेली, "उजवंच पडलं व्हतं की रं. म्या बगितलं की माज्या डोळ्यानं. ह्यानं डावं हातानं काडलं आन् पायाशी ठिवलं. म्हनला, आये, कुनाला बोलायचं न्हाय."

पुण्याला जाऊ की मुंबईला, हे त्यानं साऱ्या सोलापूरला विचारलं होतं. मला तेवढं कधीच विचारलं नव्हतं.