कापसावरची झोप

सत्तर सालाच्या आगेमागे माझे वडील पारोळ्याच्या एका जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. दुपारी कळण्याची भाकरी खाल्ली की कापसाच्या ढिगावर अंग टाकायचे आणि लगेच घोरायला लागायचे. त्या घोरण्याची जिनभर थट्टा चाले. मी धुळ्याला नर्सिंग शिकत होते. सुट्टीला आले की डबा मीच नेत असे. 'मन्ही पोर अर्धी डाक्टर शे,' असं ते हमालांना सांगायचे. मला लाज वाटायची, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा आबा आधीच आडवे झाले होते. डबा ठेवून मी शेजारी टेकले. यंत्रं जेवणासाठी थांबलेली. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, खाली येता येता पुन्हा वर जात होते, पत्र्याच्या फटीतल्या उन्हात चमकत होते. आबांचा एक ओढलेला घुर्रर्र आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. डबा आलेला बघून एक हमाल त्यांना उठवायला आला, तर मीच त्याला अडवलं. म्हटलं, 'आबाना डोया लागना शे, ऱ्हाऊ द्या.' माझेही डोळे जड झाले होते. दोन आवाजांमधलं अंतर वाढत गेलं तसं वाटलं, किती गाढ झोपलेत. इतकं शांत मला पुन्हा कधी वाटलेलं नाही.

भोंगा झाला. हलवलं तर हात लुळा. मानेशी बोटं लावली, काही लागेना. तेव्हा कळलं की ते घोरणं नव्हतं. हृदय अचानक बंद पडलं की माणूस थोडा वेळ असाच अधूनमधून आचके देतो, तो श्वास नव्हे. हे वर्गात सांगितलं होतं. मी वहीत उतरवूनही घेतलं होतं.

तळहात छातीवर ठेवून मी दाबायला लागले. प्रत्येक दाबासरशी आबा कापसात खाली जात आणि कापूस त्यांना वर देई. छाती दबतच नव्हती. किती वेळ मी नुसता कापूस दाबत होते कोण जाणे. मग वर्गातल्या सिस्टरांचं बोलणं आठवलं, खाली टणक पाहिजे, आणि मी ओरडले. हमालांनी त्यांना फरशीवर घेतलं. मी दाबत राहिले, मध्ये तोंडाला तोंड लावून श्वास भरत राहिले. विजेचा झटका देऊन हृदय चालू करायचं यंत्र मी धुळ्यातसुद्धा पाहिलेलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. डॉक्टर सायकलवरून आले, छातीला नळी लावून ऐकलं, आणि माझे हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवले.

पुढे नोकरीत कितीतरी मुलींना मी हे शिकवलं. आवाजावर जाऊ नका, आधी हलवून बघा, उचलून जमिनीवर घ्या. कापसाचं मात्र कुणाला सांगितलं नाही.

घरी मायनं एवढंच विचारलं, 'झोपमाच गयात ना? तरास नही व्हयना ना?'

'नही, माय.'

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगत राहिली, आणि शेवटी माझ्याकडे बघून समाधानानं म्हणायची, 'पोर उशाशी व्हती.'