भावाच्या अर्जाला जोडलेलं माझं पत्रक

तुम्ही कधी आपल्या सख्ख्या भावाविरुद्ध कॅनडा सरकारकडे लेखी पुरावा सादर केला आहे का? मी केला आहे. स्वखुशीने, स्वतःच्या नावानिशी आणि जाड ठशात!

आमच्या घराची ओळख करून दिल्याशिवाय हा गुन्हा नीट समजायचा नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावात बाबांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं जिवासाठी, अशी त्यांची वाटणी. मी वाचायला शिकले ती मोर्चांच्या उरलेल्या पत्रकांवर. (इतर मुलांचा 'अ' अननसाचा होता, माझा अन्यायाचा!) माझं नाव क्रांती, धाकट्या भावाचं संघर्ष. कॅनडात त्याला सगळे 'सँगी' म्हणतात, हे मी बाबांपासून लपवून ठेवलं होतं. (बाबा, आता वाचलंतच, तर पाणी प्या.)

संघर्ष तिकडे पाणी तपासण्याचं शास्त्र शिकायला गेला. ज्या गावाचं धान मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावाच्या पाण्यावर पिकतं, तिथल्या पोराला हेच सुचणार. शिक्षण संपलं. एका प्रयोगशाळेने नोकरीही देऊ केली. पण तिकडे पदवी मिळाली म्हणून नोकरीवर रुजू होता येत नाही. आधी ठरलेल्या मुदतीत वर्क परमिटचा अर्ज करायचा, त्याला शिक्षण पूर्ण झाल्याचं कॉलेजचं पत्र जोडायचं. सरकार 'हो' म्हणालं तर नोकरी, 'नाही' म्हणालं तर बॅग भरायची. आणि नेमकं त्याच आठवड्यात त्याच्या खोलीतल्या मित्राने लॅपटॉपवर वरण सांडलं.

"ताई, मोबाइलवर ते पोर्टल अटकून राहिलं," संघर्ष फोनवर म्हणाला. "मी कागदं पाठवतो. तू तिथून भरून दे ना."

आता माझी अडचण समजून घ्या. महिन्याभरापूर्वीच मी एक पत्रक काढलं होतं: 'तरुणांनो, परक्यांचे पाणी भरू नका!' कॉलेजच्या फाटकावर, बसस्टँडवर, आठवडी बाजारात मी ते स्वतःच्या हाताने वाटलं होतं. परदेशात राबणाऱ्या बुद्धिमान तरुणांचा त्यात असा काही समाचार घेतला होता की कंपोज करताना बाबांचे डोळे भरून आले. आणि मी आता त्याच परक्यांचा अर्ज भरणार? पण भाऊ तो भाऊ. 'शत्रूची यंत्रणा आतून पाहायची ही संधी आहे,' असं मी स्वतःला समजावलं आणि बसले.

अर्ज भरून झाला. राहिलं होतं एक बटण. ही बातमी आईने चुलीपाशी उच्चारली आणि ती शालिककाकांपर्यंत गेली. शालिककाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. गावच्या तलावाचं गेट उघडणं त्यांच्याकडे असतं. आमच्याकडे ते गेट कोणी एकटा उघडत नाही. सगळे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर जमतात, नारळ फुटतो, मग पाणी सुटतं. हे बटणही त्याच जातीचं, असं काकांनी परस्पर ठरवून टाकलं.

सकाळी संगणकासमोर आई, बाबा, काका, काकू आणि शेजारच्या दोन बायका. कीबोर्डवर हळदकुंकू!

"काका, हा संगणक आहे, तलाव नाही!"

"मंग का झालं? एवढ्या मोठ्या कामाले बिना नारळाचं बटन दाबून राहिली का तू?"

"बाबा, तुम्ही तरी बोला! आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं छापली तुम्ही!"

बाबा छताकडे पाहत म्हणाले, "छापली व. पन तुह्या आईनं एकबी वाचली नाही."

काकांनी उंबऱ्यावर नारळ आपटला. फुटला. आणि असा वास सुटला की शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला.

"नासका निघाला!" आई मटकन खाली बसली.

"थांब, दुसरा आनतो," काका चपला शोधू लागले. "तवरक कोनी हात लावाचा नाही."

हाच तो क्षण. माझ्या जागी कोणी शहाणी असती तर तेवढ्या वेळात जोडलेले कागद एकदा उघडून पाहिले असते. मी भाषण सुरू केलं. गळ्याच्या शिरा ताणून मी त्या सहा जणांना (आणि कीबोर्डला) सांगितलं की नारळाचा आणि नशिबाचा संबंध नसतो, विज्ञानाला मुहूर्त लागत नाही, आणि पाहा, मी हे आता, या क्षणी सिद्ध करून दाखवते! आणि दाबलं बटण. खाडकन!

'अर्ज मिळाला' असं पडद्यावर आलं. छत कोसळलं नाही. मी विजयी मुद्रेने सर्वांकडे पाहिलं. काका एक चप्पल हातात घेऊन उभे होते.

"पाहलं का काका? काही झालं?"

"अजून व्हाचं आहे बाई," काकू पुटपुटल्या.

झालं ते अर्ध्या तासात. संघर्षचा व्हिडिओ कॉल आला.

"ताई, कॉलेजचं पत्र बरोबर चढलं ना? जरा दाखव बरं. त्याच्यावरच सगळं आहे."

मी ऐटीत ती फाइल उघडली आणि फोन पडद्याकडे धरला. पडद्यावर उमटली एक वळलेली लाल मूठ.

छापखान्यात प्रत्येक कागदाचं शेवटचं नाव 'फायनल' असतं. कॉलेजच्या पत्रालाही मी तेच नाव दिलं होतं. दोन 'फायनल'पैकी अर्जाला चढलं ते माझं पत्रक, पुढचं सांगायला नको. पण आई थांबली तर ना! लेकीने लिहिलेलं आहे म्हटल्यावर तिने अभिमानाने, शब्द जुळवत, मोठ्याने वाचायला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा ती माझं पत्रक वाचत होती! आणि चौथ्या परिच्छेदापाशी पोचली:

"'माझा सख्खा भाऊ कॅनडात शिकतो आहे. शिक्षण संपताच तो पहिल्या विमानाने मायभूमीला परतेल, ही मी जाहीर ग्वाही देते!'"

मग फोनमधून संघर्ष हळूच म्हणाला, "ताई, मले इथं राहून काम करू द्या मनून अर्ज. अन् त्याच्याच संगं, मी वापस चाललो मनून तू लिहून देलं?"

"अरे, चुकून गेलं ते!"

"कागद चुकून गेला. ग्वाही बी चुकून गेली का? मले इचारलं होतं का तू?"

माझ्याकडे कुठल्याही प्रश्नावर घोषणा तयार असते. या प्रश्नावर मी ती फाइल बंद केली.

"मी मनलं होतं, नारळ नासका निघाला," आई म्हणाली.

त्याच दिवशी खरं पत्र पोर्टलवरून मागाहून पाठवलं. वाटलं, मिटलं. कसचं मिटतं! काही आठवड्यांनी तिकडून विचारणा आली: आधी जोडलेला कागद आम्हाला कळत नाही, त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर पाठवा. माझ्या एकाही पत्रकाची आजवर कोणी इतक्या आपुलकीने चौकशी केली नव्हती!

"नाही पाठवलं तर?" मी विचारलं.

"लपवलं असं होईल," संघर्ष म्हणाला. "पाठवून दे. जे लिहिलं ते लिहिलं."

मी गाडी पकडून गोंदियाला गेले. भाषांतर करणारे गृहस्थ एका झेरॉक्सच्या दुकानात बसायचे. मागे प्रतिज्ञापत्रवाल्यांची रांग. त्यांनी चष्मा चढवला आणि माझं पत्रक ओळीओळीने मोठ्याने हिंदीत उलगडायला सुरुवात केली.

"मॅडम, ये 'परक्यांचे पाणी भरू नका' कैसे लिखूँ? भाई पानी के डिपार्टमेंट में है क्या?"

"आहे. म्हणजे, व्हायचा आहे. तुम्ही लिहा काहीही!"

"काहीही कैसे? सर्टिफाइड है।" मग चौथा परिच्छेद. त्यांनी तो दोनदा वाचला. "भाई तो पहली फ्लाइट से वापस आ रहा है ना? फिर परमिट किसलिए माँग रहे?"

रांगेत खसखस पिकली. आणि मागून एक मुलगी म्हणाली, "अय्या, हे पत्रक आमच्या अर्जुनीच्या कॉलेजपाशी वाटलं होतं! ताई, आला का मग तुमचा भाऊ?"

मोर्चात लाठी उगारलेली पाहूनही मी मागे सरकलेली नाही. त्या दिवशी मी झेरॉक्स मशीनच्या मागे सरकले.

भाषांतरासोबत खुलासा जोडायचा होता. माझा पहिला मसुदा 'जागतिक भांडवलाच्या रखवालदारांनो' असा सुरू होत होता. संघर्षने फोनवर फक्त "ताई..." एवढंच म्हटलं. मी तो फाडला. रात्रभर खोडत खोडत शेवटी उरलं ते असं: 'हा कागद माझ्या चुकीने जोडला गेला. यातील वचन अर्जदाराचे नाही. ते त्याच्या बहिणीने त्याला न विचारता दिले. त्याने कुठे राहावे हे ठरवण्याचा तिला अधिकार नव्हता.' माझ्या आयुष्यातलं हे उद्गारचिन्हाशिवायचं पहिलं लिखाण. ते लिहिताना कळलं, मी ज्या तरुणांसाठी एवढी ओरडत होते, त्यातल्या एकालाही कधी काही विचारलंच नव्हतं. स्वतःच्या भावालासुद्धा नाही.

मग वाट पाहणं. संघर्षचा फोन आला की आई माझ्याकडे बघायची, मी भिंतीकडे. प्रयोगशाळेने त्याच्यासाठी जागा किती दिवस धरून ठेवावी, याला मर्यादा होती. पण तो मला कधी रागावून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आणि एका सकाळी, ती जागा हातची जाण्याआधीच, परमिट आलं. संघर्ष ओरडत होता, बाबा रडत होते, आणि काका शांतपणे म्हणाले, "येनारच होतं. त्या दिवशी मी दुसरा नारळ फोडला ना मागच्या दारी. चांगला निघाला."

झालं! माझा विज्ञाननिष्ठेचा लढा तिथेच संपला. आता आमच्या गल्लीत शिष्यवृत्तीचा अर्ज असो की गॅसची नोंदणी, नारळाशिवाय कोणी बटण दाबत नाही. कारण विचारलं तर म्हणतात, "क्रांतीनं दाबलं होतं ना एकदा!"

तर वाचकहो, एक विनंती. लाल मूठवालं ते पत्रक तुमच्याकडे असेल तर पेन घ्या आणि चौथा परिच्छेद खोडा. बाकीचं मत माझं आहे, भांडायला मी तयार आहे. आणि तुमच्या घरी असा अर्ज कोणी भरत असेल, तर बटण दाबण्याआधी जोडलेला प्रत्येक कागद उघडून वाचा. मग नारळ फोडलात तरी मी एक शब्द बोलणार नाही. फक्त आधी कानाशी हलवून पाहा. मी पाहते.