अक्काचं गाणं कुणाचं?

माझी थोरली बहीण पिंपळनेरला दिलेली. आम्ही तिला अक्का म्हणतो. कानबाईच्या रोटाला, म्हणजे श्रावणातल्या आमच्या खानदेशी सणाला, तिच्याशिवाय गाण्याला सुरुवात होत नाही. दोन वर्षांपूर्वी मी तिचं एक गाणं मोबाइलवर घेतलं आणि जळगावला, मेहरूणच्या घरी आल्यावर इंटरनेटवर टाकलं. शे-दीडशे जणांनी ऐकलं, त्यांतले निम्मे आमचेच पाहुणे.

महिनाभराने मेल आला. हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं असल्याची तक्रार आली, म्हणून काढून टाकलं आहे. मालक म्हणजे एक कंपनी. तिने तेच गाणं कीबोर्ड लावून बाजारात आणलं होतं.

शेजारी एक वकील राहतात. त्यांना मेल दाखवला.

"देशादेशांत व्यापाराचे करार होतात ना, त्यात कापूस-पोलादाबरोबर गाण्यांच्या मालकीचे नियमही असतात," ते म्हणाले. "वेबसाइटवाल्यांना झंझट नको. तक्रार आली की आधी काढतात, मग विचारतात."

"पण हे गाणं आमच्या आईने शिकवलंय. तिला तिच्या आईने."

"लेखी काही आहे?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

हरकत घ्यायला फॉर्म होता. पूर्ण नाव, घरचा पत्ता, फोन. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की ही माहिती तक्रारदाराला कळवली जाईल. तक्रारदाराचं मात्र आम्हाला नुसतं नाव कळलं होतं. पुरावा म्हणून गाणारीचा नंबर द्यावा असं मनात आलं, म्हणून अक्काला फोन केला.

"दी दे," ती म्हणाली. "त्याले सांग, रोटना दिवशे ये. बठ्ठं गाणं शिकाडी दिसू."

अख्खं गाणं शिकवायची तिची तयारी होती. मी फॉर्म भरून तिचाही नंबर दिला. पंधरा दिवसांनी गाणं परत दिसू लागलं. मी वकिलांकडे पेढे नेले.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस खरंच अक्काशी बोलला. फार गोड बोलला म्हणे. त्यांच्या गाण्यात दोनच कडवी होती. तिसरं कसं आहे, त्याने विचारलं. अक्काने चूल बारीक केली आणि फोनवर म्हणून दाखवलं, दोनदा, कारण पहिल्यांदा त्याला नीट ऐकू आलं नव्हतं.

दिवाळीनंतर कंपनीचं नवं गाणं आलं. तीन कडव्यांचं. पाठोपाठ मला दुसरा मेल आला आणि आमचं गाणं पुन्हा गेलं. या वेळी मी फॉर्म भरला नाही. खरं सांगायचं तर भीती वाटली. माझ्या फोनवर तोवर कर्जवाले, प्लॉटवाले, विमावाले नावानिशी बोलू लागले होते. नंबर कुठून फुटला, कोण सांगणार?

अक्काला हे सांगताना मला अपराधी वाटत होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तिसरं कडवं बराबर म्हनं का त्यानी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, एक शब्द चुकलाय.

त्याचं मात्र तिला वाईट वाटलं. तिने त्या माणसाला फोन लावला. त्याने उचलला नाही.