घडीच्या खुर्चीची परवानगी

बागेच्या रखवालदाराचा डावा पाय जन्मापासून अधू. नोकरी मागताना साहेबांसमोर दात आवळून दहा पावलं सरळ चालला, आणि तेच सोंग निभावत वीस वर्षं फाटकावर उभा राहिला.

बागेत खुर्ची आणायला बंदी होती. पण गुडघे गेलेल्या मास्तरीणबाईंनी एक अर्ज काय खरडला, आठवड्यात सवलतीचं पत्र हातात! आता रोज त्या घडीची खुर्ची उघडून ऐसपैस बसायच्या आणि ह्याच्या पोटात दुखायचं.

"एका अर्जात काम झालं?" शेवटी त्यानं जळफळत विचारलंच.

"मागितलं, मिळालं," बाई म्हणाल्या आणि उसासल्या. "पण खरं सांगू? हेवा वाटतो तुमचा. दिवसभर उभे असता, तरी पाय कसे ठणठणीत!"

तो आणखी ताठ उभा राहिला.